बाईंची मुलगी कुठं शिकते

घरापासून माझी शाळा गाडीनं पाऊण तासावर. नाशिकहून आम्ही तिघं शिक्षक रोज एकत्र जातो, गाडी पाळीपाळीनं काढतो, आणि त्या पाऊण तासात जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतो. बदल्या, सातवा वेतन आयोग, ओझरच्या पुलाखालची गर्दी, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन. आमची मुलं कुठं शिकतात हा विषय मात्र निघत नाही. आमची शाळा जिल्हा परिषदेची, पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे महामार्ग सोडून आत वळलं की लागते, पहिली ते सातवी. आम्हा तिघांचं एकही मूल अशा शाळेत कधी गेलेलं नाही. हे तिघांनाही ठाऊक आहे, त्यामुळे बोलायचं काय, असं आम्ही आपलं ठरवून टाकलंय.

माझी मुलगी गंगापूर रोडला, धरणाच्या बाजूला असलेल्या एका मोठ्या शाळेत जाते. फाटकावर रखवालदार नाव लिहून घेतो, आत पोहण्याचा तलाव आहे, आणि दोन घोडेही आहेत. घोड्यांचं शिक्षणात काय काम, हे मला आजवर कळलेलं नाही. तिच्या प्रवेशाच्या वेळी आई-वडिलांचीही मुलाखत झाली होती. मुलांनो, पाठांतर करू नका, समजून घ्या, असं वर्गात घसा कोरडा पडेस्तोवर सांगणारी मी, आदल्या दिवशी आरशासमोर उभी राहून इंग्रजीतली चार वाक्यं पाठ करत होते. तीही नवऱ्याकडून लिहून घेतलेली. मुलाखतीत मी शिक्षिका आहे म्हटल्यावर समोरच्या बाई हसून म्हणाल्या, "ओह, नाइस." कुठल्या शाळेत, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून मला इतकं हायसं वाटलं की बाहेर आल्यावर माझी मलाच चीड आली.

मी स्वतः इगतपुरीकडची. वडील रेल्वेत होते आणि मी गावातल्याच झेडपीच्या शाळेत शिकले. माझं काही अडलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. नोकरीला लागल्यावर एका प्रशिक्षणात मला उभं करून इंग्रजीत एक साधा प्रश्न विचारला होता. प्रश्न कळला होता, उत्तरही येत होतं, पण तोंड उघडेना. शंभर माणसांसमोर मी नुसती उभी होते, आणि शेवटी "बसा बसा" म्हणून मला बसवलं. मुलीच्या शाळेचा निर्णय झाला तो त्या खुर्चीत. बाकी सगळी कारणं मी नंतर जमवली.

आता मूळ गोष्टीकडे येते.

दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आम्हाला गावात घरोघर फिरावं लागतं. सहा वर्षांचं मूल दिसलं की नाव लिहायचं आणि आई-बापांना पटवायचं की आमच्याकडे घाला. पट कमी झाला की एक शिक्षक जास्तीचा ठरतो आणि त्याची बदली होते. त्या वर्षी पट काठावर होता आणि तिघांत कनिष्ठ मी होते. सुरगाण्याच्या डोंगरात जावं लागलं असतं. माझी मुलगी तेव्हा पहिलीत जाणार होती, सासूबाई आजारी होत्या. हे सगळं मी आता सांगतेय ते माझ्या बाजूनं काही असावं म्हणून.

गावाच्या टोकाला एक घर होतं, पत्र्याचं, पुढं तुळस. घरातली बाई द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला होती. हंगामात डोक्याला टोपी, हातात मोजे घालून दिवसभर घडातले खराब मणी कात्रीनं काढायचं काम. नवरा टेम्पोवर. त्यांची एकच मुलगी, सहा वर्षांची, नजर तिखट. आम्ही गेलो तर बाईनं पाणी दिलं आणि सरळच सांगितलं, "बाई, आमचं ठरलंय. पिंपळगावच्या इंग्लिश मीडियमला घालायची. पिवळी गाडी पार इथवर येते."

माझ्याबरोबर मुख्याध्यापक सर होते. त्यांनी मातृभाषेवरचं भाषण सुरू केलं. बाई ऐकत होती, पण तिचं लक्ष चुलीकडे होतं. मग मी बोलले. त्या इंग्लिश मीडियमची मला माहिती होती. पत्र्याच्या शेडमधले वर्ग, बारावी झालेल्या पोरी शिकवायला, त्याही वर्षाला बदलायच्या. पोरांना टाय बांधायचे आणि धड कुठलीच भाषा शिकवायची नाही. हे मी सांगितलं आणि त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. बाईनं चुलीवरची नजर काढली. मग तिनं विचारलं, "तुमची पोरगी कुठं शिकते बाई?"

हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. लोक विचारत नाहीत, मान राखतात.

मी म्हणाले, "यंदा पहिलीलाच जातेय. आपल्यासारख्याच शाळेत, झेडपीच्या. तिकडं घराजवळ."

"खरं?"

"मग काय तर. मीच घातली नाही तर तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू?"

हे शेवटचं वाक्य मी का बोलले, देव जाणे. तेवढं नसतं बोलले तरी चाललं असतं. बाईनं मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लिहा मंग नाव." बाहेर आल्यावर सर चपला घालता घालता म्हणाले, "बाई, भारी जमलं तुम्हाला." पुढच्या घरी त्यांनी त्यांच्या अभियंता होऊ घातलेल्या मुलालाही बोलता बोलता झेडपीत घालून टाकलं. आम्ही दोघं परत येताना हसलो. मला सुरगाण्याला जावं लागलं नाही.

त्या बाईची मुलगी माझ्याच वर्गात आली. चार वर्षं मीच तिला शिकवलं आणि मी हात राखून शिकवलं नाही, एवढं तर मला म्हणता येईल. कदाचित जरा जास्तच शिकवलं. दुपारच्या सुट्टीत तिला जवळ बसवायचे, घरून माझ्या मुलीची जुनी पुस्तकं आणून द्यायचे. पुस्तकांवरचं माझ्या मुलीच्या शाळेचं नाव आधी फाडून. पोर इतकी हुशार की कधी कधी मला धास्ती वाटायची. भागाकार शिकवला की दुसऱ्या दिवशी तो का चालतो, हे विचारायची. तिची आई शाळा व्यवस्थापन समितीवर आली, पोषण आहाराच्या तांदळावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची. भेटली की माझ्या मुलीची चौकशी करायची. "तुमची काय म्हणते? तिला बी लय गणितं येतात का?" मी म्हणायचे, "बरं चाललंय." आणि विषय बदलायचे. घरी येऊन माझ्या मुलीचा गृहपाठ घेताना मी विनाकारण तिच्यावर खेकसायचे.

ही विद्यार्थिनी चौथीत असताना, डिसेंबरात, माझ्या मुलीच्या शाळेनं विज्ञान प्रदर्शन भरवलं आणि ग्रामीण शाळांनाही बोलावलं. पत्र वाचून मी सरांना म्हटलं, यंदा नको. सर म्हणाले, केंद्रप्रमुखांनी आपलं नाव कळवलंसुद्धा. आमच्याकडून ह्या मुलीचंच मॉडेल जाणार होतं, कारण दुसरं नव्हतंच. तिनं बांबूच्या कामट्यांची एक उतरती घसरगुंडी केली होती. वर दोन कामट्यांत फट कमी, खाली जास्त. वरून कांदे सोडले की आधी बारीक गोल्टी पडायची, मग मध्यम, मोठे शेवटपर्यंत जायचे. कांदे निवडणाऱ्या बायांची कंबर वाचावी म्हणून. कल्पना तिची, कामट्या बापानं तासलेल्या. मुलींबरोबर एक महिला पालक हवी असा नियम, म्हणून एक दिवसाचं काम बुडवून तिची आई निघाली.

आदल्या संध्याकाळी मी माझ्या मुलीला सांगितलं, "उद्या मी तुमच्या शाळेत येणार आहे, पण कामात असेन. मला भेटायला येऊ नकोस हं." तिनं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "शिस्त असते." ती बरं म्हणाली. तिला शिस्तीचं काही नवल नव्हतं.

हॉल मोठा होता. आमच्या शेजारच्या टेबलावर दिव्यांची उघडझाप करणारं रॉकेट होतं, कॉलेज रोडच्या दुकानातून तयार आणलेलं. दुकानाचा स्टिकर खालच्या बाजूला तसाच होता. आमचे कांदे बघून मुलं हसली, पण गर्दी आमच्याकडेच झाली, कारण कांदे सोडायला मजा येत होती. मला बरं वाटू लागलं होतं. मग परीक्षक आले आणि त्यांच्यामागे छातीवर बिल्ला लावलेली, वही धरलेली स्वयंसेवक मुलगी आली. ती माझी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सांगितल्याप्रमाणे न ओळखल्यासारखं केलं. मला म्हणाली, "मॅम, थोडं साइडला व्हाल का?"

परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, हे कसं चालतं, ह्यामागचं तत्त्व काय. माझ्या विद्यार्थिनीनं तोंड उघडलं आणि मिटलं. गावात दिवसभर बडबडणारी पोर खांबासारखी उभी राहिली. मी मागून म्हटलं, "मराठीत सांग गं." पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. ती कशी उभी होती ते मला आतून माहीत होतं. एवढ्यात माझी मुलगी वाकून तिला हळूच मराठीत म्हणाली, "मला सांग, मी सांगते त्यांना." तिनं सांगितलं, आधी अडखळत, मग भराभर. आणि माझी मुलगी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेली, हात हलवत, हसत, एक कांदा उचलून दाखवत. कुणालाही वाटलं असतं की मॉडेल हिनंच केलंय. परीक्षक खूश झाले. जाताना त्यांनी माझ्या मुलीच्या पाठीवर थाप दिली. ते चूक करत होते असंही मला म्हणवेना. तिनं खरंच छान सांगितलं होतं. मला अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की कुठं बघावं कळेना.

विद्यार्थिनीच्या आईनं पुढं होऊन माझ्या मुलीच्या गालावरून हात फिरवला. "लय हुशार हाईस गं बाई. आमच्या पोरीची लाज राखली. कुणाची तू?"

माझ्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. सांगू का, असं विचारत होती. आईनं भेटू नको म्हणून सांगितलं होतं, त्यात हे बसतं का, एवढंच तिला ठरवता येत नव्हतं. दहा वर्षांची पोर माझ्या परवानगीसाठी थांबली होती.

मी म्हणाले, "माझी आहे."

"तुमची?" बाईनं वर छताकडे, मग त्या रॉकेटकडे, मग माझ्या मुलीच्या बिल्ल्याकडे पाहिलं. "हितं शिकते?"

"हो."

"पहिलीपासून?"

"हो."

परतीच्या जीपमध्ये तिनं मुलीला मांडीवर डोकं ठेवून झोपवलं आणि सगळा रस्ता बाहेर बघत राहिली. उतरताना कांद्याची पिशवी तिनं माझ्या हातून काढून घेतली, जोरात नाही, पण घेतली.

मग द्राक्षांचा हंगाम सुरू झाला आणि ती चार महिने शाळेकडे फिरकली नाही. समितीच्या सभेलाही आली नाही. तिनं येऊन भांडावं असं मला वाटायचं. गेटवर कुणी बाई दिसली की माझ्या हातातला खडू थांबायचा. सरांना म्हटलं तर ते म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता. सगळेच तसं सांगतात." हे ऐकून मला आणखी वाईट वाटलं. तिची मुलगी मात्र रोज यायची, पहिल्यासारखी. तिला काहीच माहीत नसावं. माझ्या मुलीबद्दल एकदाच बोलली, "ती ताई कशी फाडफाड बोलते नाही बाई?" ताई. दोघी एका वयाच्या होत्या.

एक मेला निकाल वाटला. मुलगी वर्गात पहिली. सगळे गेल्यावर आई आली, एकटी, आणि बाकावर बसली. मी माफी मागायची वाक्यं चार महिने जुळवली होती. ती सुरू करायच्या आतच तिनं हात वर केला.

"बाई, माझं भांडण नाय. पोरीला तुम्ही चांगलं शिकवलं, ते मी बघते ना. पण आता मला एक कळंना. ही शाळा चांगली हाय का नाय?"

मी म्हटलं, "चांगली आहे. शपथेवर सांगते. शाळेपेक्षा मूल महत्त्वाचं असतं ताई, आणि तुमची पोरगी..."

"मंग तुमची आणा की हितं." ती शांतपणे म्हणाली. "जूनला शाळा उघडंल. तुमची पाचवीला आणा, मी माझी ठेवते. दोघी एका बाकावर बसतील. नाय आणली तर मी माझी काढते, त्या पिवळ्या गाडीत घालते. विचार करा. घाई नाय." आणि उठून गेली.

त्या उन्हाळ्यात मी एक दिवस स्वस्थ बसले नाही. माळा आवरला, दोनदा आवरला. वर्षाचं तिखट एरवी सासूबाई करायच्या, ते मी केलं. भाजी आणायला म्हणून निघायचे आणि गाडी घेऊन नुसतीच फिरायचे. नवऱ्याला सांगितलं तर तो टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "वेड लागलंय का तुला?" मी त्याच्याशी कडाकडा भांडले. मुलगी तिथं जाऊन शिकेल की, माझ्यासमोर बसेल, सातवीपर्यंत तर प्रश्नच नाही, आणि पुढं यशस्वी व्हायला घोडे लागतात का, असं मी ओरडून ओरडून सांगितलं. सगळे मुद्दे माझ्याकडे होते. वीस वर्षं पालकसभेत तेच तर बोलत आले होते. नवरा म्हणाला, "मग काढ दाखला. मी सही करतो." तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून गेले.

मला वाटलं होतं, निदान मुलगी तरी नाही म्हणेल. मैत्रिणी आहेत, तलाव आहे, रडेल, आकांत करेल. मग मला त्या बाईला सांगता येईल की पोर ऐकत नाही. म्हणून एका सकाळी तिच्या वेण्या घालताना मी विचारलंच. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "रोज तुझ्या गाडीतून? तुझ्याबरोबर जायचं आणि तुझ्याबरोबर यायचं?"

"हो."

"चालेल की. ती कांदेवाली पण असेल ना?"

माझ्या हातातली वेणी सुटली. आता नवऱ्याचा आडोसा नव्हता, मुलीचा नव्हता, कुणाचाच नव्हता. त्या मोठ्या शाळेनं माझी मुलगी आयुष्यात पुढं जाईल का, मला खरंच माहीत नाही. तिथून शिकून घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि आमच्या शाळेतली दोन पोरं डॉक्टर झाली आहेत. मला एवढंच माहीत होतं की ती कुणासमोर मुकी उभी राहिलेली मला बघवणार नाही. दुसऱ्याची पोर तशी उभी राहिलेली मी बघितली होती, आणि बघून घरी येऊन जेवले होते.

मी म्हटलं, "बघू पुढच्या वर्षी." ती म्हणाली, "मग विचारलंस कशाला?"

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी प्रवेशोत्सव होता. पहिलीच्या मुलांचं औक्षण करायचं, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर ठसे घ्यायचे, फुगे द्यायचे. सामान बरंच होतं म्हणून त्या दिवशी मी एकटीच लवकर निघाले. फाटकाशी विद्यार्थिनी आणि तिची आई उभ्या होत्या. मुलीच्या अंगावर नवा ड्रेस होता, आमचाच गणवेश, कडक इस्त्रीचा. म्हणजे घरातून निघताना ठरलेलं नव्हतं. मी गाडी थांबवून खाली उतरले. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती गाडीजवळ आली, हात कपाळाशी धरून काचेला डोळे लावले आणि मागच्या सीटकडे पाहिलं. तिथं फुग्यांची पिशवी होती, ओवाळायचं ताट होतं आणि माझा डबा होता. ती बघत राहिली, फुग्यांच्या मागं कुणी बसलं असेल तर दिसावं म्हणून जरा डावीकडे सरकली, पुन्हा पाहिलं. मग मागं झाली.

"दाखला लिहा बाई."

आमच्याकडे नोंदी ऑनलाइन असल्या तरी दाखला हातानं लिहितो, आणि अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे. मी ऑफिसात बसून लिहिला. शाळा सोडण्याचं कारण ह्या रकान्यात आम्ही नेहमी लिहितो तेच लिहिलं, पालकांची विनंती. सरांनी सही केली, शिक्का मारला. मुलीची आई ह्याच शाळेतून सातवी झालेली. तिनं दाखला उभ्यानंच पूर्ण वाचला, बोट फिरवत, आणि त्या रकान्यावर थांबली.

"मी इनंती कुठं केली बाई? मी तर इचारलं व्हतं."

तिनं कागदाची घडी केली, ब्लाउजमधल्या पाकिटात ठेवली, आणि दाराशी उभ्या असलेल्या मुलीला म्हणाली, "चल. बाईंच्या पाया पड."

शाळा सोडून जाताना मुलं पाया पडतात, इतकी वर्षं पडत आली आहेत, आणि मी डोक्यावर हात ठेवत आले आहे. मुलगी पुढं आली आणि वाकली. मी पटकन पाय मागं घेतले. खुर्चीखाली घेतले, तिचा हात लागू नये म्हणून. ती तशीच वाकलेली राहिली, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं, ती शाळा सोडून चाललीय म्हणून बाई तिच्यावर रागावल्या आहेत.